पानाच्या रंगाची अक्षरं

पुष्पलताबाईंच्या पत्राला टिकाराम मेश्राम यांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. कारण ते पाकीट त्यांच्या सुनेने, अनुसयाने, विजेचं बिल समजून फोडलं होतं. निदान ती तसं म्हणत होती.

पुष्पलताबाई वारासिवनीच्या. शाळेतून निवृत्त, एकट्या. टिकाराम बालाघाटच्या वाचनालयातून निवृत्त, घर भरलेलं, पण विधुर. कित्येक वर्षं दोघं बसच्या कंडक्टरच्या हाती एकमेकांना पुस्तकं पाठवत. आता बाईंनी विचारलं होतं: मुलगा रायपूरला कायमची चल म्हणतो. जाऊ, की थांबू? तुम्ही सांगाल तसं. महिनाअखेर त्याला कळवायचं आहे.

अर्धा महिना सरला होता.

"आबा, फोन करा ना सरळ," नात श्रुतिका म्हणाली.

"फोनवर मी नुसतं हौ-हौ करतो आन् ठेवून देतो."

"मग हौ म्हणा."

"आन् त्यायनं 'जाऊ काय' म्हनून इचारलं तं?"

श्रुतिका घरी बसून इंदूरच्या एका कंपनीचं काम करायची. आबांनी फाडलेले कागद झाडून झाडून ती कंटाळली. तिने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यात प्रोग्रॅमर लोक वापरतात तो एडिटर टाकून दिला. "याला जे शिकवाल ते शिकतो," ती म्हणाली. "कोणता शब्द कोणत्या रंगात दाखवायचा, हेसुद्धा."

झालं. आबांना नवं पुस्तक मिळालं. एडिटरची माहितीपुस्तिका ते कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचू लागले. ओळींना नंबर आले. कंस उघडला की त्याचा जोडीदार चमकू लागला. 'नम' लिहिलं की 'नमस्कार' आपोआप पूर्ण होऊ लागलं. पत्र मात्र नमस्काराच्या पुढे सरकेना.

मग श्रुतिकाने युक्ती सांगितली. कदाचित, बहुधा, माझ्या अल्पमतीप्रमाणे, क्षमा असावी, असे कच खाणारे शब्द लाल दिसतील असा नियम सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायचा. म्हणजे ते दिसताक्षणी खोडता येतील. आबांनी नियम लिहिला आणि फाडलेल्या कागदांवरचा मजकूर आठवून टाइप केला. अख्खा पडदा अंगणात मिरच्या वाळत घातल्यासारखा लालभडक झाला.

"यातलं खोडलं तं उरते काय?" आबांनी विचारलं.

"नमस्कार," श्रुतिका म्हणाली.

तेवढ्यात अनुसया तांदूळ निवडायचं ताट घेऊन मागे येऊन उभी राहिली. "मामाजी, लिहा तुमी. मी काय नाही म्हनत नाही. पण या वयात लोकं हासतीन, असं काही नोका लिहू."

आबांनी झाकण मिटलं. दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात ते नातीला म्हणाले, "एखादी ओळ लिहिली, पण दिसलीच नाही, असं होते काय?"

होत होतं. प्रोग्रॅमर आपल्यापुरत्या टिपा लिहितात तेव्हा ओळीच्या सुरुवातीला एक जाळीसारखी खूण करतात. त्या खुणेच्या ओळींना श्रुतिकाने पानाचाच रंग देऊन टाकला. पांढऱ्यावर पांढरं.

आणि आबा सुटले. बोटं खडखडत होती, पडद्यावर काही उमटत नव्हतं. दिसत होत्या त्या तीन काळ्या ओळी: आपले पत्र मिळाले. माझी तब्येत बरी आहे. पाऊसपाणी ठीक.

अनुसया रोज डोकावून समाधानाने जात होती. "मामाजी, मधात एवढी जागा काहून सोडली?"

"वाचणाऱ्याले दम घ्यायले," आबा म्हणाले.

श्रुतिकाला हसू आवरेना. एक गोष्ट तिने आबांना सांगितली नव्हती. रंग असतो तो आपल्या पडद्यापुरता. फाईलमध्ये नुसती अक्षरं असतात. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर छापलं की सगळं काळं उमटणार, लपवलेलंसुद्धा. आबांच्या हातून जे कधीच गेलं नसतं, ते आता त्यांच्या नकळत जाणार होतं.

महिना संपायला चार दिवस उरले, त्या सकाळी आबा पेनड्राइव्ह खिशात घालून बाहेर पडले. श्रुतिकाने सहज लॅपटॉपवरच्या रिकाम्या जागेवर माउस दाबून ओढला. निवडलेली ओळ निळ्या पट्ट्यावर उघडी पडली: 'जाऊ नका. एवढंच लिहायचं होतं, त्यासाठी कितीतरी कागद फाडले.'

तिचं हसू गेलं. हे पाठवायचं की नाही, ते ठरवणारी ती कोण? ती चपला अडकवून धावली.

प्रिंटवाला प्रीतम दुकानाबाहेर चहा घेत उभा होता. "दादाजी तो गये. मेरे को ही कुर्सी से उठा दिया. बोले, चाय पी के आ, मैं खुद निकाल लूँगा."

आबा तिला पोस्टाच्या लाल पेटीजवळ सापडले. पाकीट अर्धं आत होतं.

"आबा, थांबा!" तिला दम लागला होता. "मी तुम्हाला फसवलं. रंग फक्त आपल्या पडद्यावर असते. कागदावर सगळं येते, लपवलेलंही!"

आबांनी पाकीट हातात तसंच धरलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"हौ," ते म्हणाले. "पुस्तिकेत हाये लिहून."

"मग?"

"मंग काय? मले तं ते तुह्या मायपासून लपवायचं होतं." त्यांनी पाकिटाकडे एकदा पाहिलं. "तब्येतीच्या त्या तीन ओळी तेवढ्या काढून टाकल्या," ते म्हणाले, आणि पाकीट सोडून दिलं.