जादा मिनिटं

चार जणांच्या फोनचं मिळून एकच बिल आलं. सासऱ्यांनी त्यावर बोट टेकवलं. “जादा मिनिटं सगळी या एकाच नंबरवर गेलीत.”

नंबर अनुजाच्या आईचा होता. वडील गेल्यापासून आई एकटी राहायची, तरी अनुजा घड्याळाकडे बघत पाचच मिनिटं बोलायची. ती पटकन म्हणाली, “यापुढे कमी बोलेन, बाबा.”

“तू कशाला? हे फोन तुझ्या सासूने केलेत.”

सासूबाईंनी मटार सोलणं थांबवलं नाही. “विहीणबाईंना दुपारी घर खायला उठतं. मी करते फोन. तुम्ही प्लॅन बदला.”

कितीही बोला असा प्लॅन आला. त्या दुपारी अनुजाने आईला निवांत फोन लावला. लाइन बिझी होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंच्या खळखळून हसण्याचा आवाज येत होता.

ती निर्धास्त आडवी झाली.