ऊब

बर्फाच्या वादळाचा इशारा आला, तसा घानियानं ओरान शहरातून आईला फोन लावला. जुर्जुराच्या डोंगरात म्हातारी एकटीच राहायची.

"येम्मा, बाहेर पाऊल टाकू नकोस. कोळशाची शेगडी पलंगाजवळच ठेव."

"ठेवलीय गं. पण खिडकीच्या फटीतून वारा नुसता चावतोय."

घानियाला चैन पडेना. तिनं आईच्या शेजारच्या ताऊसला फोनवर विनवून त्या फटीत चिंध्या कोंबायला लावल्या.

"मुंगीसुद्धा शिरायची नाही आता!" ताऊस फोनवर हसली. "झोप निवांत."

घानिया खरंच निवांत झोपली.



सकाळी आईचा फोन ताऊसनं उचलला. "कोळशाचा गॅस आतच कोंडला, पोरी," ती हुंदके देत म्हणाली. "येम्मा गेली. दार फोडलं, तेव्हा खोली अजून उबदार होती गं."