अर्धा ग्रॅम

"म्हणजे बस थांबली की मी पुढे पडतो, ते ताऱ्यांमुळे?" मेहुण्याने विचारलं.

"अर्थात. जडत्व येतं ते दूरच्या ताऱ्यांकडून," मास्तर म्हणाले. "ते नसते तर तुला हलवायला एक फुंकर पुरली असती."

"दाजी, ताऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत का? आपल्याला अडवते ती भोवतालची पोकळी. गुरुत्वाकर्षणही तिचंच."

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याने दोघांच्या मधून हात घालून मास्तरांचं यंत्र उचललं आणि आपल्या सगळ्यात नाजूक काट्यावर ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. मागे काहीही न फेकता ते वर झेपावणार होतं. कशाच्या जोरावर, यावर भांडण होतं.

मास्तरांची बायको ही मेहुण्याची बहीण. ती गेली, आणि दोघांना भेटायला हे भांडण तेवढं उरलं. दर रविवारी, याच दुकानात.

मास्तरांनी बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. पाच मिनिटांनी आकडा खाली सरकला.

"अर्धा ग्रॅम कमी!" मास्तर ओरडले. "तारे!"

"पोकळी!" म्हणत मेहुण्याने त्यांना मिठीच मारली.

"आता उलटं ठेवतो," काटेवाला म्हणाला. "म्हणजे ते खाली ढकलेल. वजन वाढायला हवं ना?"

"वाढणारच!"

त्याने यंत्र उलटं ठेवलं. अर्धा ग्रॅम कमीच.

काटेवाला जरा घुटमळला. पण वजनाबाबत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "तापलंय हो ते. भोवतालची गरम हवा वर चढते, जाताजाता त्याला थोडं उचलते. आम्ही गरम वस्तू कधी तोलत नाही."

मास्तरांनी यंत्र बंद केलं. मेहुणा टेबलावरचे कागद गोळा करू लागला. "मग संपलंच म्हणायचं," तो म्हणाला. "आता रविवारी यायचं काही कारण नाही."

मग मास्तरांनी मान वर केली.

"काटा बिघडलाय."

मेहुण्याचे हात थांबले. "अगदी बरोबर, दाजी. मला आल्यापासून तोच संशय होता."

काटेवाल्याने काट्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि त्यावर एक किलोचं प्रमाण वजन ठेवलं. आकडा आला एक हजार. दशांशचिन्हापुढे सगळी शून्यं.

"बिघडलाय खरा," तो म्हणाला. "आठवडा लागेल. रविवारी या दोघंही."