पुसलेल्या टेपा

"मॅडम, सत्कारात ऐकवायला तुमचं एकही रेकॉर्डिंग सापडलं नाही," खांद्यावर शाल घालता घालता आकाशवाणी केंद्राचा अधिकारी म्हणाला. "तेव्हा टेपा पुसून पुन्हा वापरायचे ना."

शरयूताईंचा संताप संताप झाला. आधी रेडिओ, मग टीव्ही, अख्खी हयात माइकसमोर गेली. अबोल गवयांना बोलतं केलं, पुरात गावंच्या गावं जागी ठेवली. आणि त्या सगळ्यावर कुणीतरी पिकांवरच्या फवारणीची माहिती भरली.

शाल पिशवीत कोंबून त्या तणतणत एसटी स्टँडवर आल्या. डोक्यावरचा भोंगा खरखरला, "प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं."

आवाज त्यांचाच होता. कधीतरी कुणाच्या भिडेखातर जाता जाता बोललेलं वाक्य.

शेजारची बाई करवादली, "ही बया काही गप्प बसत नाही."

शरयूताईंनी मुकाट्यानं पिशवी मांडीवर घेतली.