पांढऱ्या रानातले काळे झुडूप

“तिवई हलवू नका, जावईबापू. डाव्या डोळ्याचे चित्र झाले, उजव्याचे व्हायचे आहे.” कमळाबाईंनी कॅमेरा पट्टीवरून किंचित उजवीकडे सरकवला.

देवेंद्र सीपरी बाजारातले दुकान बंद ठेवून, त्यांच्या हट्टाखातर, त्यांना झाशीबाहेरच्या या जंगलात घेऊन आला होता. गेल्या आठवड्यात आपली बायको जाई घर सोडून पळाली, असे तो सर्वांना सांगत होता. तिची एक चप्पल जंगलाच्या याच रस्त्यावर सापडली. पोलिसांनी जंगल धुंडाळले, हाती काही लागले नाही. लेक कुठे आहे हे कळल्यावाचून आपण डोळे मिटणार नाही, असे कमळाबाईंनी चारचौघांत बजावले होते. जावयाला मात्र त्यांनी एकदाही काही विचारले नव्हते.

“आईजी, धूप किती झाली! पत्तेच तर आहेत. घरच्या तुळशीचा फोटो काढा ना.”

“तुळस माझे ऐकते. जंगलाला विचारावे लागते.”

दोन्ही चित्रे मोबाइलवर शेजारीशेजारी मांडून त्यांनी तो भिंगांच्या पेटीत घातला आणि पेटी त्याच्या हाती दिली. आत जंगल उठून उभे राहिले. पाने बर्फासारखी पांढरी, आकाश काळे, ओळखीची एकही खूण नाही. मधोमध एकच झुडूप काळपट, अगदी नाकासमोर.

“हे काला का?”

“हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपतो. त्यात जिवंत पान पांढरे दिसते. त्या फांद्या कोणी तोडून रचल्या आहेत. डोळ्यांना हिरव्या वाटतात, पण मेल्या आहेत. खाली काही झाकलेले असावे. चित्र चौकीत देते.”

पेटी खाली पडली. देवेंद्रने तिवई उचलून त्यांच्या कपाळावर हाणली. त्या कोसळल्या, तशी त्याने पोटात लाथ घातली.

“बुढिया! कोणी सांगितलं होतं पत्ते बघायला?”

त्या पांढऱ्या रानाने त्याची दिशाभूल झाली होती. तो झुडपाकडे धावला. फांद्या ओरबाडून फेकू लागला. काट्यांनी हात रक्ताळले. खाली अखंड खडक होता. कुदळीचा एक घावही नव्हता.

“इथे नाही,” तो धापा टाकत ओरडला. “ती तर तिकडे, पळसाखाली...”

कमळाबाई उठून बसल्या होत्या. रक्त पदराने टिपून त्यांनी उतारावरच्या एकुलत्या एका पळसाकडे बोट केले. करवंदीच्या जाळीमागून गुरसरायचे त्यांचे दोघे पुतणे लाठ्या घेऊन उठले.

त्या फांद्या कमळाबाईंनीच परवा तोडून तिथे रचल्या होत्या.