चिकटवलेली पानं

या, अशी जवळ सरकून बसा. बुवा यायला अवकाश आहे, टाळ अजून पिशवीतच आहेत. तोवर जांभूळ गावच्या आण्णांची गोष्ट सांगतो. नमन राहू द्या, थेट आख्यानालाच लागू.

एका रविवारी आण्णांनी इंग्रजी शब्दकोश उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मास्तर, ही दोन पानं चिकटलीत."

शिकवायला आलेल्या शशिकांतने मान वर केली नाही. "ओल लागली असेल."

"असंल." आण्णांनी पानं सोडवली नाहीत. पुढचं पान उलटलं.

ओल लागलेली नव्हती. आदल्या संध्याकाळी अंबरनाथच्या आपल्या खोलीवर शशिकांतनेच ती डिंकाने चिकटवली होती. 'हलगर्जीपणा' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या पानांवर होता. तो आण्णांना कधीच येऊ नये, एवढीच त्याची धडपड.

चौऱ्याऐंशी साली दोघे एकाच कारखान्यात होते. आण्णा पत्रा दाबायच्या प्रेसवर, शशिकांत ऑफिसात नवा कारकून, अजून कायम न झालेला. काम लवकर उरकावं म्हणून साहेबाने प्रेसची हात वाचवणारी जाळी काढायला लावली आणि आण्णांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौथ्या दिवशी साहेब दवाखान्यात इंग्रजी कागद घेऊन आला. अशा कागदाच्या तळाशी एक ठरलेली ओळ असे, की मजकूर कामगाराला मराठीत समजावून सांगितला आहे. त्याखाली कारकुनाची सही.

कागदात लिहिलं होतं, जाळी मीच काढली, हलगर्जीपणा माझाच, कंपनीचा दोष नाही. साहेब मागे उभा. शशिकांतने आण्णांना समजावून सांगितलं, "औषधपाणी कंपनीने केलं, एवढंच आहे यात."

"तुम्ही वाचलंत ना? मग झालं," म्हणत उजवा हात बांधलेल्या आण्णांनी डावा अंगठा उठवला. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. त्या कागदाची एक प्रत तेवढी उशाशी राहिली.

नोकरीपेक्षा पखवाज गेला ते वाईट. जांभूळच्या देवळात कीर्तनाला आण्णांचा हात पखवाजावर पडला की म्हातारी माणसंही ताठ बसायची. आता गावातला चंदू वाजवायचा आणि आण्णा शेजारी बसून डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे.

शशिकांतने वर्षभरात कारखाना सोडला, शाळेत इंग्रजी शिकवू लागला. एकादशीच्या कीर्तनाला मात्र तो जांभूळला यायचाच. आत यायचा नाही. दाराबाहेर, चपलांपाशी बसायचा. कोणी बोलावलंच तर "इथे वारा बरा लागतो" म्हणायचा.

एक्क्याण्णवच्या पाडव्यानंतर एकदा कीर्तन संपल्यावर आण्णा चपला शोधत त्याच्यापाशी आले.

"मास्तर, आमच्या घरात एक इंग्रजी कागद पडलाय. मरायच्या आधी वाचीन म्हणतो. शिकवाल का?"

तो कागद कुठला, ते शशिकांतला कळलं. पण नाही म्हणवेना.

दर रविवारी शिकवणी चालू झाली. रोजच्या वापरातले दहा शब्द, मग पाच वाक्यं. वाक्य वाचायचं, त्याचा मराठी अर्थ सांगायचा आणि कळला तर वहीत खाली 'समजलं' लिहायचं, ही आण्णांचीच पद्धत. आण्णांची डाव्या हाताची अक्षरं गुडघे दुखत असल्यासारखी वाकडी उतरायची.

"'आय हॅव' म्हणजे माझ्याकडे आहे," शशिकांत सांगायचा.

"मग माझ्याकडे नाय, ते आधी शिकवा. ते जास्त लागंल."

आतून आण्णांची बायको कौसाबाई म्हणायची, "तुमच्याकडं नाय ते म्हंजी अक्कल. लिवा, समजलं."

शशिकांतला हसू यायचं आणि लगेच तो वहीत डोकं घालायचा. तो मुद्दाम आंबा, गाय, पाऊस यांतच घोटाळत राहायचा. अपघात नाही, यंत्र नाही, दोष नाही. एवढा शिकवणारा माणूस एका माणसाने शिकू नये म्हणून देवाला हात जोडायचा, आणि मग त्याच हातांची त्याला लाज वाटायची.

निघताना आण्णा दर वेळी विचारायचे, "आणखी काय सांगायचंय, मास्तर?"

"नाही आण्णा. आज एवढंच."

"बरं. घाई नाय."

असे चार पावसाळे गेले. शशिकांत त्यांच्याकडे भाकरी खाऊ लागला. कौसाबाईचं दुखणं झालं तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाच वस्तीतल्या डॉक्टरकडे तोच घेऊन गेला. एका एकादशीला आण्णांनी हाताला धरून त्याला आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं. तो बसला. आण्णांचा ठेका त्याच्या मांडीला जाणवत होता, आणि बुवा काय सांगत होते ते त्याला काही ऐकू आलं नाही.

पंच्याण्णवच्या जानेवारीच्या थंडीत आण्णा तापाने गेले. कागद वाचायचा राहिलाच.

तेराव्यानंतर शशिकांत कौसाबाईपुढे जमिनीवर बसला. "मावशी, तो दवाखान्यातला कागद. मी त्यांना खोटं वाचून दाखवलं होतं. त्यांचा हातही गेला आणि नावही गेलं. चार वर्षं रोज ठरवलं, आज सांगतो. नाही सांगितलं."

कौसाबाई उठली, ट्रंकेतून कागद काढला आणि पालथा करून त्याच्यापुढे ठेवला.

पाठीमागे कोणीतरी सुबक अक्षरात एकेक वाक्याचा मराठी अर्थ लिहिला होता. जाळी मी काढली. हलगर्जीपणा माझा. प्रत्येक ओळीखाली वाकड्या, डाव्या हाताच्या अक्षरात एकच शब्द होता, समजलं. तळाशी तारीख होती, ऑगस्ट चौऱ्याऐंशीची.

"टायपिंगवाल्याकडून लिवून आनलं होतं, दवाखान्यातनं आले त्याच आठवड्यात," कौसाबाई म्हणाली. "त्यांना कुठं इंग्रजी शिकायचं होतं, मास्तर. म्हनायचे, तो पोरगा सात वर्षं चपलांत बसतोय. त्याला आत यायला कायतरी निमित्त पायजे."

ते बघा, बुवा आले. उठाल तेव्हा दाराबाहेर चपलांपाशी कोणी बसलंय का एवढं बघा, आणि आमच्या आण्णांची आठवण ठेवा.