सरकारी माणसाची नोंद

गोरक्ष गार्डला इथं येऊन मिळणार तरी काय होतं? भागीबाईनं तीन दिवस हाच हिशेब मांडला, आणि तो काही केल्या जुळेना.

माणूस रिटायर झालेला. देवळ्याला स्वतःची कांद्याची चाळ. महिन्याच्या महिन्याला पेन्शन. रानातल्या जमिनीवर दावा नाही, आदिवासी नाही, पुढारी तर नाहीच. मग नाशिकच्या या उन्हात, कचेरीसमोरच्या डिव्हायडरवर, डबा मांडीवर घेऊन हा बसलाय कशाला?

भागीबाईच्या पाड्यानं कचेरीसमोर बिऱ्हाड मांडलं त्याला नऊ दिवस झाले होते. चुली, पातेली, म्हातारीकोतारी, सगळं पेठकडच्या डोंगरातून उचलून रस्त्यावर आणलेलं. मागणी एकच. रानातली जमीन आम्ही कधीपासून कसतो ते आम्ही सांगू, तुम्ही लिहून घ्या. कचेरीचं उत्तरही एकच. दोन हजार पाच सालच्या आतला सरकारी कागद आणा, नाहीतर सरकारी माणसाची नोंद. पाड्यावरच्या माणसांचं तोंडी सांगणं धरणार नाही. आता पाड्यावर सरकारी माणूस यायचा तो न्यायला यायचा, द्यायला कधी आला नाही. कागद असणार कुठून?

सातव्या दिवशी गोरक्ष उगवला. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या रानाचा गार्ड हाच. तो रिकाम्या हातानं परत गेल्याचं पाड्यावर कुणाला आठवत नव्हतं.

"आत्या, पाणी तरी देऊ त्याला," मोहिनी म्हणाली. पाड्यावरची पहिली पदवीधर ती. दाव्यांच्या फायली तिच्याकडे.

"लय पाजलंय त्याला. अजून तहान भागली नाय का?"

गोरक्षजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी वही होती. तो वहीत बघायचा, मग चुलींभोवतीच्या तोंडांकडे बघायचा, परत वहीत. एवढ्यावर बायकांनी निकाल लावून टाकला. नावं टिपतोय. पोलिसांना देणार.

नवव्या दिवशी दुपारी कचेरी नमली. म्हणजे अर्धीच नमली. गेटबाहेर टेबल आलं, टेबलामागं साहेब आले आणि फेटाळलेले दावे एकेक करून पुन्हा ऐकायचं ठरलं. पहिलं नाव भागीबाईचं. दोन एकराचा उतार आणि त्यावर जगणारी सात तोंडं. आज नाही म्हटलं, तर पुन्हा विचारायला दार उरत नव्हतं.

"दोन हजार पाचच्या आधी तिथं राब भाजत होतात?" साहेबांनी विचारलं.

नागलीचं बी टाकण्याआधी पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजतात, तो राब. रानात भाजला की गुन्हा. भागीबाईनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. गोरक्ष डिव्हायडरवरून उठून टेबलापाशी आला होता. पिशवी हातात.

"नाय साहेब. जमीन कसत होतो. पण राब नाय भाजला. कधीच नाय."

मोहिनीनं कपाळाला हात लावला. गार्ड दिसला की पहिलं उत्तर 'नाय', हे पाड्यावरच्या पोरांना बोलता यायच्या आधीच कळतं. राब भाजला म्हणजे जमीन कसली, एवढा साधा पुरावा होता, आणि भागीबाईनं तोच आपल्या हातानं विझवला होता.

"बाई खोटं बोलते, साहेब," गोरक्ष म्हणाला.

झालं! भागीबाईचा हिशेब जुळला. "बघा, मी म्हणत होते ना! मेला उगाच नाय तीन दिवस वाळत बसला!"

गोरक्षनं तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं वही उघडून टेबलावर ठेवली. "दोन हजार एक ते पाच. दर चैत्रात हिनं राब भाजला, दर चैत्रात मी पकडला. तारीख लिहिलीय, जागा लिहिलीय. सोडायचं काय घेतलं तेही लिहिलंय. कोंबडी. पाच वर्षं, पाच कोंबड्या. अजून चौदा घरं आहेत या वहीत."

साहेबांनी पाचाचा आकडा उतरवून घेतला. "दंडाची पावती?"

"पावती फाडली असती, तर ही बाई नऊ दिवस रस्त्यावर कशाला बसली असती?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय बोलताय ते कळतंय ना? पेन्शनला हात लागेल तुमच्या."

"तुम्हाला सरकारी माणसाची नोंद पाहिजे होती. तेव्हा सरकारी माणूस मीच होतो. लिहा."

साहेब भागीबाईकडे वळले. "बाई, हे म्हणतात ते खरं?"

भागीबाईनं वहीकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. मग गोरक्षकडे पाहिलं. उन्हानं त्याच्या नाकाची साल निघाली होती. यात त्याला काय मिळतंय, ते अजूनही तिला उमगेना. आणि ज्याचा फायदा दिसत नाही अशा माणसावर भरवसा ठेवायची तिला सवय नव्हती.

"राब भाजला," ती शेवटी म्हणाली. "दर वर्षी भाजला. पण वही खोटी हाय, साहेब."

गोरक्षचं तोंड उतरलं. मोहिनी पुढं झाली, तिला भागीबाईनं हातानंच मागं सारलं.

"पाच नाय, सहा. एक वर्ष याच्याकडं पाव्हणे होते. दोन नेल्या. दुसरी अंड्यांवर बसलेली होती."

साहेबांनी गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षनं वहीतल्या पानावर नजर टाकली आणि होकारार्थी मान हलवली. साहेबांनी पेन उचललं, सरकारी माणसाच्या नोंदीवरून उतरवलेला पाचाचा आकडा खोडला आणि बाईनं तोंडी सांगितला तसा सहा लिहिला.